सहा कोनांची चकती

"आधी हात धू, मग बोल."

हे तिचं कायमचं वाक्य. कुणी चंबू फुटला म्हणून धावत आलं, कुणी परीक्षेचा निकाल घेऊन आलं, कुणी लग्न ठरल्याचं सांगायला आलं, तरी ती मान वर न करता कोपऱ्यातल्या नळाकडे बोट दाखवायची. एकदा विजेचं बटण दुरुस्त करायला एक माणूस आला. त्यालाही तिने हेच ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, मी अजून कशाला हात लावलेला नाही." ती म्हणाली, "मग लावायच्या आधी धू." तो निमूटपणे धुऊन आला. मोठे सर, म्हणजे ती काम करायची त्या प्रयोगशाळेचे प्रमुख, तेसुद्धा तिच्या टेबलाशी यायचे ते हात पुसतच.

सगळे तिला ताई म्हणत. वयाने मोठी म्हणून, आणि वागायला त्याहून मोठी म्हणून. बरीच वर्षं ती शाळेत विज्ञान शिकवत होती. मुलगी शिकायला बाहेर गेली, घर जरा रिकामं झालं, तेव्हा चाळिशी ओलांडल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, मला पुन्हा शिकायचंय, डॉक्टरेट करायचीय. नवरा शिंपी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. तोंडात टाचण्या धरून तो म्हणाला, "कर की. कापड फाटायच्या आत शिवलेलं बरं." ती म्हणाली, "म्हणजे मी फाटायला आलेय म्हणा." टाचण्या तोंडात असताना हसता येत नाही, म्हणून तो फक्त डोळ्यांनी हसला.

मोठ्या सरांनी तिला जागा दिली ती कुणालाच नको असलेली. नळाशेजारचं टेबल, खाली पाण्याची गळती, वर कुरकुरणारा पंखा. तिने गळतीखाली बादली ठेवली, पंख्याला तेल घातलं आणि कामाला लागली.

काम काय, तर तांबं आणि गंधक यांची गाठ घालायची. ऐकायला सोपं. दोघं एकत्र आले की लगेच काळे होतात, जुन्या तांब्याच्या भांड्याला काळं पडायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ताईला नुसतं काळं नको होतं. तिला आकार हवा होता. डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक कणाचा आकार, आणि तोही एकसारखा.

निसर्गाला काही सुचलं नाही की तो गोळा करतो. थेंब गोल, बुडबुडा गोल, तसा घाईत जमलेला कणही गोल. पण तोच कण पसरून पातळ चकतीसारखा वाढला, कडेला सहा कोन आले, तर त्याचे गुण बदलतात. तांबं तेच, गंधक तेच, फक्त अंगाची ठेवण वेगळी. आणि तेवढ्यावर तो उन्हातली न दिसणारी धग गोळ्यापेक्षा कितीतरी चांगली पकडतो. ताई हे शेजारणीला असं समजावायची, "कापसाची गोळी करून उन्हात ठेव आणि तोच कापूस पसरून ठेव. कुठला लवकर तापेल?"

तीन तोंडांचा काचेचा चंबू. एका तोंडातून तापमापी, एकातून नायट्रोजन वायू, म्हणजे आत हवा राहू नये, आणि तिसरं तोंड रबरी बुचाने बंद. आत तांब्याचा क्षार, आणि अमाइन नावाचा तेलासारखा द्रव. त्याला सडक्या मासळीचा वास. खालून शेगडी, आत गरगर फिरणारं चुंबक. दुसऱ्या बाटलीत गंधक त्याच अमाइनमध्ये विरघळवलेलं. चंबू नेमका तापला की ते गंधकाचं पाणी सिरिंजने बुचातून एका दमात आत सोडायचं. आतला निळा रंग बघता बघता हिरवट काळा होतो. मग थंड करायचं, धुवायचं, गाळ खाली बसवायचा, आणि त्यातला एक थेंब मोठ्या मायक्रोस्कोपखाली न्यायचा.

कितीतरी महिने गोळेच आले. कधी मोठे, कधी लहान, कधी एकमेकांना चिकटलेले. ती तापमान बदलून बघे, तांबं कमी करून बघे. घरी अंगाला वास यायचा. सासू डोळ्यांनी अधू, पण नाक तिखट. ती दारातूनच ओळखायची, "आली गं बाई माझी कोळीण."

आणि एके दिवशी पडद्यावर चकत्या आल्या. उभ्या, आडव्या, एकमेकींवर रेललेल्या, आणि प्रत्येकीला सहा कोन. जणू कुणी सबंध दुपार बसून कात्रीने कापल्या होत्या. ताई खुर्चीवरून उठलीच नाही. मायक्रोस्कोप चालवणारा माणूस म्हणाला, "ताई, पुढचा नंबर आहे." ती म्हणाली, "असू दे. अजून थोडा वेळ बघू दे."

त्या संध्याकाळी तिने चित्र घरी नेलं. नवऱ्याने ते उजेडात धरलं, अंगठ्याने कड चाचपली. म्हणाला, "कापणी सरळ आहे गं. पण माप कुणाचं घेतलंस? इतकं लहान गिऱ्हाईक मी पाहिलं नाही."

ती चकती पुन्हा आली, पुन्हा आली, कधीही केली तरी आली. त्यावर शोधनिबंध छापून आला, त्यावरच तिला डॉक्टरेट मिळाली. मोठ्या सरांनी तिच्या टेबलाखालची गळती दुरुस्त करून दिली. ती म्हणाली, "चला, पदवीने एक फायदा तरी झाला."

पुढे जे झालं, ते त्या निबंधामुळेच झालं.

दुसऱ्या एका शहरातल्या प्रयोगशाळेने तिची कृती वाचून तीच चकती करायला घेतली. तिथली प्रमुख एक तरुण बाई होती, उंच, बोलायला सरळ. तिने केलं, तिच्या विद्यार्थ्यांनी केलं, पण गोळेच आले. नव्या बाटल्या आणल्या, तरी गोळेच. तिने मोठ्या सरांना फोन केला. भांडायला नव्हे, विचारायला. पण अशा गोष्टींना पाय फुटतात. कुणी म्हणालं, एखादीच चकती सापडली असेल, तिचंच चित्र छापलं. कुणी म्हणालं, चित्रच दुसऱ्याचं असेल. जिभेला हाड नसतं, आणि जी जीभ शिकलेली असते तिला तर मुळीच नसतं.

मोठ्या सरांनी ताईला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, तेव्हाच तिला कळलं.

"ताई, चौकशी बसलीय. तिथे जाऊन करून दाखवायचं. त्यांची खोली, त्यांची भांडी, त्यांच्या बाटल्या. एक परीक्षक समोर बसेल."

"आणि नाही झालं तर?"

सरांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "तर निबंध मागे घ्यावा लागेल. आणि डॉक्टरेट त्याच्यावरच उभी आहे."

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मी त्या चकत्या डोळ्यांनी पाहिल्यात."

"मग झालं," ती म्हणाली, आणि खोलीबाहेर येऊन नळाखाली बराच वेळ हात धरून उभी राहिली.

घरी नवऱ्याने तिची पिशवी भरली. सासू पलंगावरून म्हणाली, "चोरी केलीयस का?" "नाही आई." "मग तोंड असं का? चोराने पाडायचं तोंड तू कशाला उसनं घेतेस?"

दुसऱ्या शहरातली ती प्रयोगशाळा स्वच्छ होती, उजेडाची होती. खिडक्या मोठ्या, टेबलं पांढरी, नळ हात पुढे केला की आपोआप सुरू होणारा. तिथली उंच प्रमुख, म्हणजे मॅडम, हातमोजे घालूनच बाहेर आली, हात पुढे केला. ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आधी हात धुवा, मग बोलू." लगेच तिने जीभ चावली. पण मॅडम थबकली, हसली, आणि मोजे काढून खरंच धुऊन आली. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ खुर्चीत बसले होते. तेच परीक्षक. टोपी मांडीवर, चेहरा कोरा.

ताईने सगळं त्यांच्यासमोर केलं. गंधक तोललं, अमाइनमध्ये विरघळवलं, बाटलीला बूच लावलं. चंबू जोडला, वायू सोडला, तापवला. वेळ झाली तशी सिरिंज भरली आणि गंधक आत सोडलं. निळं गेलं, हिरवट काळं आलं. तिला हायसं वाटलं. रंग तोच.

दुपारनंतर थेंब मायक्रोस्कोपखाली गेला.

गोळे. पडदाभर गोळे. गुबगुबीत, एकसारखे, जणू मुद्दाम हिणवायला आल्यासारखे.

मग मॅडमचा एक विद्यार्थी शेजारच्याच्या कानात पुटपुटला, पण खोली इतकी शांत होती की सगळ्यांना ऐकू गेलं, "आता म्हणतील, अंगणच वाकडं."

ताई वळली. "नाही म्हणणार. अंगण चांगलं आहे तुमचं. नाचच चुकलाय, कुठे ते मला कळलेलं नाही."

मिशीवाले उठले. "उद्या सकाळी आणखी एक संधी. मग मला अहवाल लिहावा लागेल." सगळे एकेक करून निघून गेले. बाटल्या जिथल्या तिथे राहिल्या. त्या खोलीचा नियम होता की संध्याकाळी उरलंसुरलं टाकून द्यायचं, पण त्या दिवशी कुणाचं मन लागलं नाही.

पाहुण्यांच्या खोलीतून तिने घरी फोन लावला. नवऱ्याला म्हणाली, "गोळे आले हो."

त्याने हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "कात्री त्यांची होती ना?"

"कात्रीवर ढकलू नका. हात माझाच होता."

मागून सासूचा आवाज आला, "रडतेय का ती?" तो म्हणाला, "नाही." सासू म्हणाली, "मग तिला सांग, नीट जेव आणि झोप. भुकेल्या माणसाला सगळं जग वाटोळंच दिसतं."

ताईला हसू फुटलं. त्या हसण्यावरच तिला झोप लागली.

सकाळी ती मॅडमच्याही आधी पोचली. टेबलाशी उभी राहून एकेक वस्तू नव्याने बघू लागली. चंबू, शेगडी, तापमापी, कशात काही खोट दिसेना. मॅडम आली, हात धुतले, आणि नवं गंधक तोलायला डबी उघडली.

"थांबा मॅडम. कालचं उरलंय की." ताईने बूच लावलेली बाटली पुढे केली. "चांगली वस्तू टाकायची कशाला?"

"आम्ही रोज ताजंच करतो, ताई. कालचं वापरत नाही."

"मी वापरते बाई. घरच्या बाईला फेकवत नाही," असं म्हणत तिने बाटली खिडकीशी धरली आणि बोलता बोलता थांबली.

काल ते पाणी फिकट केशरी होतं. आज गडद झालं होतं, लालसर, दाट.

"हा रंग," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे हाच असतो."

"काल वेगळा होता?"

"फिका होता. मला वाटलं, तुमच्या खिडक्या मोठ्या आहेत, उजेडाचा फरक असेल."

मॅडमने डबीचं झाकण परत लावलं. जवळ आली. तिच्या आवाजात आता वेगळीच धार होती, वाईट नव्हे, भुकेली. "ताई, तुम्ही गंधक कधी विरघळवता?"

"आदल्या दिवशी."

"आदल्या दिवशी? निबंधात ते नाहीये."

"त्यात लिहायचं काय?" ताई म्हणाली. "माझी बस संध्याकाळी लवकर सुटते. सासूबाईंना वेळेवर जेवायला लागतं. चंबूचं काम सबंध दिवस खातं, म्हणून जायच्या आधी मी गंधकाचं करून ठेवते. सकाळी आयतं असतं. ती काही कृती नव्हे, ती माझी गैरसोय आहे."

हे बोलून झालं आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ज्या गोष्टीला ताई आजवर संसाराची ओढाताण समजत आली, तीच नेमकी तिची कारागिरी होती. लिहिताना तिने तापमान लिहिलं, मापं लिहिली, चुंबकाचा वेगसुद्धा लिहिला. फक्त वाट पाहणं लिहिलं नाही, कारण वाट पाहणं हे काम आहे असं बाईमाणसाच्या मनातच येत नाही.

मॅडम मग भराभर बोलू लागली, फळ्यावर रेघा ओढू लागली. ताज्या पाण्यात गंधक मोकळं असतं, तांबं दिसलं की एकदम तुटून पडतं, सगळे कण एकाच घाईत जन्मतात आणि गोळे होतात. रात्रभर अमाइनसोबत राहिलेलं गंधक अमाइनला बांधलं जातं, लांब साखळ्या होतात. मग ते तांब्याला एकदम भेटत नाही, सुटून सुटून थोडं थोडं मिळतं. कणाला वाढायला सवड मिळते, आणि सवड मिळाली की तो कडेकडेने पसरतो.

"असं असेल," ती खडू खाली ठेवत म्हणाली. "अजून सिद्ध नाही."

"मग सिद्ध करू," ताई म्हणाली. "पण मी करणार नाही. तुम्ही करा."

मिशीवाले तोवर येऊन बसले होते. त्यांनी भुवई वर केली. "चौकशी तुमची आहे."

"म्हणूनच, साहेब. मी केलं आणि चकत्या आल्या, तर लोक म्हणतील, बाईच्या हाताला गुण आहे. हाताचा गुण माझ्याबरोबर घरी जाईल, आणि ही मंडळी पुन्हा गोळे मोजत बसतील. मॅडमच्या हातून झालं तर ती कृती. दोन चंबू मांडा. एकात ताजं गंधक, एकात कालचं. बाकी सगळं एकसारखं. मी भिंतीशी उभी राहते, हात मागे बांधून."

आणि ती खरंच हात मागे बांधून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती प्रयोगशाळेत काही न करता उभी होती, आणि तिला ते फार जड गेलं. दोन वेळा तिचा हात आपोआप पुढे आला, दोन्ही वेळा तिने तो मागे ओढला. मॅडमचा तो पुटपुटणारा विद्यार्थी हे बघत होता. त्याने गुपचूप एक खुर्ची आणून तिच्याजवळ ठेवली. ती बसली नाही, पण म्हणाली, "नावं ठेवायला शिकलास, आता खुर्ची ठेवायलाही शिकलास. प्रगती आहे."

दोन्ही चंबू शेजारी शेजारी काळे झाले. वरून बघणाऱ्याला त्यांच्यात तिळाइतका फरक दिसला नसता.

आधी ताज्याचा थेंब पडद्यावर आला. गोळे. कालचेच, तसेच गुबगुबीत.

मग दुसरा थेंब. मॅडम चाक फिरवत होती, पडदा धूसर होता, राखाडी होता. हळूहळू कडा उमटल्या. एक सरळ कड, मग दुसरी, मग कोन. मॅडमचा हात चाकावरच राहिला. सहा कोनांची एक चकती. तिच्यावर रेललेली दुसरी. पडदा सरकवला, तिथेही चकत्या. आणखी सरकवला, तिथे तर भरगच्च, मेळाव्यात दाटीने बसलेल्या बायकांसारख्या, कुणाचा खांदा कुणाला लागलेला, पण प्रत्येकीचा काठ शाबूत.

मिशीवाले खुर्चीतून उठले आणि पडद्याजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गोळा कुठे दिसतो का ते त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात शोधलं. त्यांचं कामच ते. सापडला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "हे तुम्ही केलंत?"

"माझ्या हातांनी," मॅडम म्हणाली. "इतके दिवस मी यांना खोटं समजत नव्हते, पण खरंही समजत नव्हते. आता माझ्याच चंबूतून निघाल्या."

मिशीवाले ताईकडे वळले. "अहवालात काय लिहू?"

मागे बांधलेले हात तिने आता सोडले. "दोन्ही लिहा. कृतीत एक ओळ राहून गेली, ती चूक माझी. चकत्या खऱ्या."

"एवढंच?"

"आणि ती ओळही लिहा. गंधक रात्रभर ठेवावं. लिहिणाऱ्यांनी बसचं नाही लिहिलं तरी चालेल."

तेव्हा ते मिशीतून हसले. त्या खोलीत त्यांना हसताना पहिल्यांदाच कुणी पाहिलं असेल. निबंध मागे जाणार नव्हता, उलट एका ओळीने वाढणार होता. डॉक्टरेट जिथे होती तिथेच, आणि आता तिच्याखाली एकीचे नव्हे, दोघींचे हात होते.

मॅडमला तर राहवेना. ती फळ्याकडे धावली. रात्रभर ठेवलं तर चकती होते, मग अर्धा दिवस ठेवलं तर? दोन रात्री ठेवलं तर? वाट किती पाहायची यावर चकतीची रुंदी ठरवता आली तर मनाला येईल ते माप घेता येईल. "ताई, आपण दोघी मिळून करू. तुमच्याकडे आणि इथे, एकाच वेळी."

"करू की," ताई म्हणाली. "शिंप्याच्या घरात राहते मी. माप घ्यायला आम्ही कधी नाही म्हणत नाही."

मग तिने घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला, मागे शिलाई मशीनची खडखड होती. ती म्हणाली, "आल्या." एवढंच. मशीन थांबली. तो ओरडून आईला सांगत असल्याचं ऐकू आलं, आणि मग सासूचा आवाज, "आल्या म्हणजे काय, येणारच होत्या. तिला विचार, ती कधी येतेय."

पिशवी खांद्याला लावून ती निघाली. मॅडमने गाडी बोलावते म्हटलं. ताईने मान हलवली. "चालत जाते. आज पाय ऐकणार नाहीत गाडीत बसायला."

ती फाटकातून बाहेर पडली आणि बसच्या थांब्याकडे जाणाऱ्या सरळ रस्त्याला लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लहान झाडं होती, सावली फारशी नव्हती, पण ती उन्हातूनच चालली, मधोमध, घाई न करता, एक हात मोकळा हलवत. पायरीवर मॅडम उभी होती, मोजे अजून हातातच. तिच्या मागे विद्यार्थी उभे होते, त्यात खुर्ची आणणाराही होता. आणि एका बाजूला ते पांढऱ्या मिशांचे परीक्षक. ऊन त्यांच्या टकलावर तापत होतं, पण वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली नाही.